व्हॉल्व्हची कहाणी आणि पारख

जुन्या घराच्या माळ्यावर लाकडी पेटीचा एखादा रेडिओ अजून पडलेला असतो. त्याच्या पाठीचा पुठ्ठा काढला, तर आत काचेच्या पाच-सहा कुप्या उभ्या दिसतात. वडीलधारी माणसं त्यांना 'व्हॉल्व्ह' म्हणतात. पुस्तकात त्यांना 'निर्वात नलिका' असं भारदस्त नाव आहे. भंगारवाला मात्र त्यांना काहीच म्हणत नाही. तो आतल्या तांब्याचा आणि लोखंडाचा भाव करतो. कुप्या फुटल्या तर फुटल्या! आता गंमत अशी, की याच कुप्या शहरातले शौकीन लोक दाम मोजून विकत घेतात, लहानशा ध्वनिवर्धकात बसवतात आणि कानाला हेडफोन लावून रात्री निवांत गाणं ऐकतात. एका घरचं भंगार ते दुसऱ्या घरचं धन कसं झालं, आणि त्या धनाची पारख कशी करावी, हे आज पाहू.

पारख करायची तर आधी इतिहास ठाऊक हवा. ज्यानं बैल औताला कसा चालतो हे पाहिलेलं नाही, तो बाजारात शिंगांच्या रंगावर भुलतो. व्हॉल्व्हच्या बाजारातही अशी रंगवलेली शिंगं पुष्कळ आहेत. म्हणून हा बैल आपल्या मुलखात कसा आला आणि त्यानं काय काम केलं, ते अगोदर सांगतो.

१९२१ सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'नं टपाल-तार खात्याच्या मदतीनं आपल्या कचेरीतून गाण्याबजावण्याचा एक खास कार्यक्रम बिनतारी यंत्रावरून सोडला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या विनंतीवरून तो झाला, आणि त्यांनी तो पुण्याला बसून ऐकला. मधे सह्याद्रीचा घाट आडवा. तरी तारेवाचून सूर घाट चढून गेला! पुढे १९२३ साली मुंबईच्या रेडिओ क्लबानं कार्यक्रम सोडायला सुरुवात केली. आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. केंद्राची ताकद दीड किलोवॅट, आणि आवाज नीट पोचण्याचा पल्ला सुमारे तीस मैल.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्याला लागलं, की गायमुख ओलांडल्यावर चेणे गाव येतं. एका अंगाला डोंगर आणि जंगल, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी. मुंबई शहरापासून हे गाव सरळ रेषेत वीस-पंचवीस मैल. म्हणजे १९२७ सालच्या त्या तीस मैलांच्या वर्तुळात चेणे येत होतं. पण वर्तुळात येणं निराळं आणि कानात येणं निराळं. लहर अंगणावरून जात असली, तरी ती धरायला घरात यंत्र हवं, आणि त्या यंत्राचा परवाना काढायला वर्षाला दहा रुपये हवेत. त्या काळचे दहा रुपये म्हणजे थोडे नव्हेत. साऱ्या देशातल्या परवान्यांचा आकडा त्या कंपनीच्या हयातीत दहा हजारांवरही गेला नाही. १९३० साली कंपनीनं हात टेकले आणि सरकारला तो कारभार हाती घ्यावा लागला. त्याच कारभाराचं १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' झालं.

त्या सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यात स्वस्त यंत्र होतं ते क्रिस्टल संच. एक लांब तार उंच बांधायची, एक जमिनीत पुरायची, मधे तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक चकाकता खडा. खडा कसला, तर बहुधा गॅलिना, म्हणजे शिशाचं खनिज. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी याच खनिजाचा उपयोग बिनतारी लहरी टिपण्यासाठी करून दाखवला होता आणि १९०४ साली अमेरिकेत त्याचं पेटंटही त्यांच्या नावे झालं होतं. या संचाला वीज लागत नसे, बॅटरी लागत नसे. पण खड्याला लहर ओळखता येते. ती वाढवता येत नाही. हवेतून जेवढं बळ आलं तेवढंच कानाला मिळायचं. म्हणून हेडफोन हवाच. तोही केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेला, दोन-दोन हजार ओहम अडथळ्याचा. कारण एवढ्याशा विजेतून आवाज काढायचा होता. एकानं ऐकायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, असा तो मामला! फार तर हेडफोन एखाद्या वाडग्यात ठेवायचा आणि सगळ्यांनी डोकी जवळ आणायची. ही अडचण दूर केली ती व्हॉल्व्हनं.

व्हॉल्व्ह म्हणजे झडप. खाडीकाठच्या माणसाला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते. ओहोटीला आतलं पाणी तिच्यातून बाहेर पडतं. भरती आली, की पाण्याच्या रेट्यानंच तिची झडप मिटते आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. पाण्याला एकच दिशा मोकळी. इंग्लंडात जॉन फ्लेमिंग यांनी १९०४ साली विजेची अशीच उघाडी केली. काचेची कुपी घेतली, आतली हवा काढून टाकली, एक तंतू तापवला आणि त्याच्यासमोर धातूची पट्टी ठेवली. तापलेल्या तंतूतून विजाणू उडतात आणि पट्टीकडे धावतात; पट्टी थंड असल्यामुळे उलट मात्र येत नाहीत. एडिसनला आपल्या दिव्यांत हा प्रकार आधीच दिसला होता; फ्लेमिंगनं त्याला कामाला जुंपलं.

पण उघाडी पाणी अडवते, वाढवत नाही. दोनच वर्षांनी, १९०६ साली, अमेरिकेतल्या ली डी फॉरेस्ट यांनी आपल्या नळीचं पेटंट मागितलं आणि लवकरच तंतू व पट्टी यांच्यामधे एक बारीक जाळी बसवली. आता दाखला पाटाच्या पाण्याचा घ्या. पाटाला दारं धरणारा माणूस फळी बोटभर वर-खाली करतो आणि तेवढ्यावर सगळा पाट चालू होतो की बंद होतो. फळी हलवायला जोर लागतो थोडा. पाणी हलतं पुष्कळ. व्हॉल्व्हमधली जाळी म्हणजे ती फळी. हवेतून आलेली अशक्त लहर जाळीवर दिली, की बॅटरीच्या किंवा मेनच्या विजेचा मोठा पाट तिच्याच तालावर नाचू लागतो. रेडिओ, लांब पल्ल्याचा टेलिफोन, बोलपट, सभेतला कर्णा, सगळं या एका युक्तीतून निघालं.

हीच युक्ती आवाज धरायला लागते तशी आवाज सोडायलाही लागते. १९४२च्या ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांवर दाब आला, तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर तो पहिल्यांदा बोलला. 'शिकागो रेडिओ'चे नानक मोटवानी यांनी त्याला सामग्रीची मदत केली. पोलिसांना चुकवण्यासाठी यंत्र या घरातून त्या घरात हलवावं लागे. १२ नोव्हेंबरला ते पकडलं गेलं आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या काळात ट्रान्झिस्टर जन्मालाही आलेला नव्हता. गरम होणाऱ्या, फुटणाऱ्या, जड ट्रान्सफॉर्मर मागणाऱ्या व्हॉल्व्हचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन तरुण मुलं लपतछपत फिरत होती, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्या धाडसाचं खरं वजन कळतं.

स्वातंत्र्यानंतर हाच व्हॉल्व्ह गावोगाव पोचला. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झालं. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, तिथून गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण सुरू झालं. वर्षभर, दर आठवड्याला नवं, अशी छप्पन्न गीतं झाली. ती घराघरांत ऐकली गेली ती व्हॉल्व्हच्याच रेडिओवर. आणि १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्यानं पुणे केंद्रानं शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं, दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा अर्ध्या-अर्ध्या तासाचा कार्यक्रम. मंडळी जमून ऐकत, ऐकून झाल्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राला कळवत. क्रिस्टल संचाच्या वेळी एकाच्या कानात अडकलेला आवाज असा चावडीवर आला. जिथं वीज नव्हती तिथं बॅटरीचे संच चालत. कोरड्या बॅटरीवरच्या संचांसाठी कमी विजेचे खास व्हॉल्व्ह निघाले होते; त्यांचा तंतू जेमतेम दीड व्होल्टवर तापे.

आपल्या देशात बेंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं, ज्याला आपण 'बेल' म्हणतो, १९६१ साली हॉलंडच्या फिलिप्सच्या सहकार्यानं रेडिओचे व्हॉल्व्ह करायला घेतले. पण काळ बदलत होता. ट्रान्झिस्टर १९४७ साली अमेरिकेत निघालाच होता, आणि 'बेल'नंही १९६२ साली जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर करायला सुरुवात केली. खिशात मावणारा, ताबडतोब बोलणारा, चार सेलांवर चालणारा रेडिओ आला. शेताच्या बांधावर, बैलगाडीच्या साटीवर दिसू लागला. व्हॉल्व्ह माळ्यावर गेला. 'बेल'चं हे काम पुढे थांबलं. आज रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथले मोजके कारखाने व्हॉल्व्ह करतात. बेंगलोरचा जुना माल जो शिल्लक आहे तो तेवढाच. त्यात आता भर पडायची नाही. हीच खरी मोलाची गोष्ट, आणि भंगारवाल्याच्या काट्यावर हीच मोजली जात नाही.

मग हेडफोनसाठी व्हॉल्व्ह का? खरं ते सांगितलं पाहिजे. मापून पाहिलं, तर आजचा चांगला ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक व्हॉल्व्हपेक्षा शुद्ध निघतो, स्वस्त असतो आणि वीजही कमी खातो. व्हॉल्व्ह मूळ सुरात स्वतःची थोडी भर घालतो. ही भर बहुतेक वेळा मूळ सुराच्या दुप्पट कंपनांची, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच सुराची असते. तंबोऱ्याची एक तार छेडली, तर तिच्यातही वरचे सूर आपोआप उमटतात. म्हणून ही भर कानाला खुपत नाही; उलट पुष्कळांना आवाज भरदार वाटतो. ज्याला तो आवडतो त्यानं खुशाल ऐकावा. पण 'हाच खरा आणि बाकी सगळं खोटं' असं म्हणणाऱ्या दुकानदारापासून चार पावलं दूर राहावं.

आता पारखीकडे वळू. पहिली गोष्ट, व्हॉल्व्हचं नाव वाचायला शिका. युरोपातल्या पद्धतीत पहिलं अक्षर तंतूची वीज सांगतं: 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट, 'डी' म्हणजे बॅटरीचा. पुढची अक्षरं काम सांगतात: 'सी' म्हणजे जाळीची साधी तीन अंगांची नळी, दोन 'सी' म्हणजे एका काचेत अशा दोन नळ्या, 'एल' म्हणजे शेवटी ताकद देणारी, 'झेड' म्हणजे मेनची वीज एकमार्गी करणारी. अमेरिकन पद्धतीत आधी आकडा येतो, आणि तो तंतूचे व्होल्ट सुमारे सांगतो. म्हणून ईसीसी ८३ आणि १२ एएक्स ७ हे एकच. ईसीसी ८२ आणि १२ एयू ७ हेही एकच. पेटीवरचं नाव वेगळं, म्हणजे माल वेगळा, असं समजून दोनदा पैसे देऊ नका.

दुसरी गोष्ट, काम पाहून निवडा. ईसीसी ८३ एका टप्प्यात आवाज शंभरपटीच्या जवळ वाढवू शकतो. पण त्याला हेडफोन ओढवत नाही. ईसीसी ८२ची वाढ विसाच्या आतबाहेर, ईसीसी ८८ची तेहतीसच्या आसपास. हे जास्त प्रवाह देतात, म्हणून हेडफोनच्या ध्वनिवर्धकांत पुष्कळदा दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराचा, आठ पायांचा ६ एसएन ७ हाही त्यातलाच. आजचा हेडफोन कोणी ३२ ओहमचा, कोणी ३०० ओहमचा असतो. ज्या ध्वनिवर्धकाला शेवटी ट्रान्सफॉर्मर नाही, त्याच्याशी ३०० ओहमच्या हेडफोनचं चांगलं जमतं. ३२ ओहमवाल्याला एक तर ट्रान्सफॉर्मर हवा, नाही तर शेवटचा टप्पा ट्रान्झिस्टरचा हवा. ही जोडी न जुळवता शंभर व्होल्व्ह बदलले, तरी समाधान मिळायचं नाही.

तिसरी गोष्ट, पाय जुळले म्हणजे व्हॉल्व्ह जुळला असं नव्हे. ईसीसी ८२ आणि ईसीसी ८८ दोन्ही नऊ पायांचे, एकमेकांच्या जागी सहज बसतात. पण तंतूची जोडणी निराळी आणि पट्टीला सोसणारे व्होल्टही निराळे. भलत्या जागी बसवलेला व्हॉल्व्ह बघता बघता जळतो. ध्वनिवर्धकासोबत आलेल्या पुस्तिकेत जे नाव लिहिलं आहे तेच घ्यावं, आणि त्याला चालणारं दुसरं नाव तिथंच लिहिलेलं असेल तरच बदल करावा.

चौथी गोष्ट, डोळे वापरा. काचेच्या आत, बहुधा टोकाशी, आरशासारखा चंदेरी डाग असतो. कुपीत उरलेली हवा शोषून घेण्यासाठी तो मुद्दाम केलेला असतो. तो चंदेरी असेल तर आशा आहे. तो पांढराफटक झाला असेल, तर काचेला चीर गेली आणि हवा आत शिरली. तो व्हॉल्व्ह फुकटसुद्धा घेऊ नये. बाहेरची सोनेरी अक्षरं आणि जुनाट खोकी यांवर भुलू नका. अक्षरं कोणालाही छापता येतात. शक्य तर विकणाऱ्याकडून यंत्रावर तपासून घ्या, आणि एका काचेतल्या दोन्ही नळ्या सारख्या भरतात का, ते विचारा. हेडफोनमध्ये एक कान एका नळीवर आणि दुसरा दुसरीवर, अशी मांडणी पुष्कळदा असते. नळ्या असमान, तर गाणं एका बाजूला कलतं.

पाचवी गोष्ट, कान वापरा, पण शिस्तीनं. व्हॉल्व्ह बसवल्यावर दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. आधी काहीच न लावता ऐका: घुरघुर, खरखर आहे का? हेडफोन कानाशी असल्यामुळे जो दोष कर्ण्यात लपतो तो इथं उघडा पडतो. मग पेन्सिलीच्या टोकानं काचेवर अगदी हलकी टिचकी मारा. घंटेसारखा नाद कानात घुमत राहिला, तर आतले भाग सैल आहेत. मग ओळखीचं गाणं लावा. तंबोरा, गाणाऱ्याचा श्वास, तबल्याच्या बायाँची घुमक, ढोलकीची थाप, निवेदकाचं साधं बोलणं, यांत फरक लवकर कळतो. दोन व्हॉल्व्ह ताडून पाहताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. कारण जरासा मोठा आवाज माणसाला नेहमीच जास्त गोड वाटतो. आणि व्हॉल्व्ह दुसऱ्या जाणकाराला बदलायला सांगा. कोणता लावला ते त्यानं आपल्याला सांगू नये. किमतीचा मोह असा बाजूला ठेवला, की पुष्कळदा साध्या व्हॉल्व्हचाच कौल लागतो.

एक सूचना मात्र काळजावर कोरून ठेवा. व्हॉल्व्हच्या यंत्रात शंभर ते तीनशे व्होल्ट खेळत असतात, आणि वायर काढल्यावरही आतली धारित्रं विजेचा साठा धरून बसतात. जाणकाराखेरीज कोणी पेटी उघडून आत हात घालू नये. वर्षानुवर्षं बंद असलेला रेडिओ 'बघू तरी वाजतो का' म्हणून थेट मेनला लावू नये. व्हॉल्व्ह बदलायचा तो यंत्र बंद करून, वायर काढून आणि काच निवल्यावरच.

शिक्षकबंधू-भगिनींना आता एक विनंती. आजच्या वस्तूंमधलं यंत्र मुलांना दिसत नाही. नखाएवढ्या तुकड्यात कोट्यवधी ट्रान्झिस्टर दडलेले असतात. व्हॉल्व्हमध्ये सगळं उघड आहे: हा तंतू, ही जाळी, ही पट्टी. न जोडलेला, निकामी झालेला व्हॉल्व्ह सुद्धा वर्गात हातोहात फिरवता येतो. त्याच्याशेजारी उघाडीचं आणि पाटाच्या दाराचं चित्र फळ्यावर काढा. ओहमचा नियम मुलं नंतर आपणहून विचारतील. गावातल्या कोणाच्या माळ्यावर रेडिओ असेल, तर तो कोणत्या साली घेतला, कोण कोण ऐकायला येत, परवाना कुठल्या पोस्टातून काढला, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून मुलांकडून लिहून घ्या. व्हॉल्व्हवरची नावं त्याच वहीत उतरवा. अशी दोन पानं म्हणजे गावाचा इतिहासच होय, आणि तो सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी भंगारवाला दारात आला, की आधी पेटीच्या पाठीचा पुठ्ठा काढून नावं वाचा. त्यातला एखादा व्हॉल्व्ह अजून कोणाच्या तरी कानात गाणं घालू शकेल. नाही तर निदान एखाद्या शाळेच्या कपाटात तो जपून ठेवायला द्या.